यूकबाई माझा चहा घेत नाहीत

३ सप्टेंबर

आज चौदा फाटल्या. काल एकोणीस फाटल्या होत्या. प्रगती आहे.

तांदळाच्या पिठाचा पातळ घोळ पत्र्याच्या खणात ओतायचा, खण वाफेत ढकलायचा, दीड मिनिटानं बाहेर ओढायचा आणि आतल्या पापुद्र्याची कालथ्यानं एका दमात गुंडाळी करायची. मग कात्रीनं तुकडे करून वर गोड सोया, तिळाचं दाट सॉस, लाल मिरची. चेंगफन म्हणजे एवढंच. मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. शिक्षक संघटनेच्या व्यासपीठावरून मोठमोठ्या अधिकाऱ्यांना घाम फोडला. आणि या एका पापुद्र्यापुढे माझं काही चालत नाही. फाटलेल्या मीच खातो. नऊ दिवसांत पट्ट्याचं एक भोक पुढे सरकलं.

नऊ दिवसांपूर्वी मी नुसता गिऱ्हाईक होतो. शाम शुई पो वस्तीतल्या या गल्लीत, यूकबाईंच्या हिरव्या पत्र्याच्या टपरीवर एकोणीस वर्षं सकाळी सातला पेपर घेऊन बसणारा. त्या दिवशी खण ओढताना यूकबाईंचा गुडघा दगा देऊन गेला. मी पेपर टाकून उठलो आणि पडणारा खण धरला. तळव्यावर अजून डाग आहे. तेव्हापासून मी टेबलाच्या या बाजूला नाही, त्या बाजूला असतो.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख दोन वर्षं वाट पाहिल्यावर मिळाली आहे: ७ जानेवारी. पुढे तीन महिने उभं राहायचं नाही. आणि परवान्यावर स्पष्ट लिहिलं आहे की टपरी सलग तीस दिवस बंद राहिली, किंवा परवानाधारकाऐवजी दुसऱ्या कुणी चालवली, तर परवाना गेला. सूट एकाच माणसाला, नवऱ्याला किंवा बायकोला. यूकबाईंचे यजमान वारले त्याला चौदा वर्षं झाली.

म्हणजे जानेवारीत टपरी जाणार. सगळी गल्ली हे हवामानाच्या बातमीसारखं ऐकून घेते. मी ऐकून घेणार नाही.

५ सप्टेंबर

परवाना कचेरीत गेलो. खिडकीपलीकडची मुलगी म्हणाली, "सर, मी मोक. पाचवी ब. अफूच्या युद्धात तुम्ही मला नापास केलं होतं."

मी म्हटलं, "मग आज बरोबर उत्तरं दे. टपरी कोण चालवू शकतं?"

"परवानाधारक. नाहीतर नवरा किंवा बायको."

"मुलगी?" यूकबाईंची मुलगी टोरांटोला असते, ती येणारही नाही, पण विचारून ठेवलं.

"नाही."

"भागीदार?"

"नाही."

"शिष्य?"

"असा रकाना नाही, सर."

"रकाना नाही म्हणून माणूस नाही का?"

"सर, तुमच्यामागे अकरा जण आहेत."

घरी येताना बसमध्ये मला मुद्दा सुचला आणि मी मोठ्यानं हसलो. आपल्या चिनी लोकांत कसब रक्तानं कमी आणि चहानं जास्त पुढे गेलं आहे. कुस्ती असो, नाटक असो, भाजलेल्या बदकाची भट्टी असो. शिष्य गुडघे टेकून दोन्ही हातांनी चहाचा पेला पुढे करतो, गुरू तो पितो, आणि त्या क्षणापासून शिष्य त्या घरचं मूल होतो. गुरू जिवंत असेपर्यंत त्याचं सगळं बघतो, मेल्यावर उदबत्ती लावतो. सरकारी शिक्क्यापेक्षा हे नातं जुनं आहे. यूकबाईंनी माझा चहा साक्षीदारांसमोर घेतला की मी त्यांच्या घरचा झालो. मग मी अर्ज लिहीन आणि कचेरीला रकाना आखावाच लागेल.

९ सप्टेंबर

पहाटे साडेपाचला शेजारच्या क्वानकडून चहा घेतला. क्वान दुधाचा चहा करतो, त्याच्या कापडी गाळणीला गल्लीत मान आहे. कोऱ्या चहाचा पेला मागितला तर म्हणाला, "सर, आज पोट बिघडलंय का?"

मी यूकबाईंसमोर गुडघे टेकले आणि पेला पुढे केला.

"उठा मास्तर, तिथे आत्ताच कोंबड्या धुतल्यात."

"तुम्ही पेला घेतल्याशिवाय उठणार नाही."

"मग बसा. पण जरा बाजूला सरकून बसा, पिठाचं पिंप आणायचंय."

मी सरकलो. पिंप आलं. पेला थंड झाला. क्वान आपल्या टपरीतून वाकून बघत होता आणि त्याच्या हातातून दूध सांडलं. यूकबाईंचे कान लाल झाले होते. वाफेनं होतात.

माझा निष्कर्ष: मी अजून लायक झालेलो नाही. चौदा फाटलेल्यांचा शिष्य कोण पत्करेल?

आज नऊ फाटल्या.

१९ सप्टेंबर

शरदातल्या पौर्णिमेचा सण. यूकबाईंनी संध्याकाळी घरी बोलावलं. त्यांची आई, साम आजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. पपनस सोलून माझ्यापुढे ठेवत त्यांनी माझी चौकशी सुरू केली. म्हातारीची जिज्ञासा पाहून मला फार बरं वाटलं. जन्मसाल विचारलं, जन्मवेळ विचारली. मी सांगितलं की त्या वर्षी शहरात किती निर्वासित येत होते, डोंगरावरच्या झोपड्या कशा जळाल्या. आजी म्हणाल्या, "ते राहू दे. दात तुझेच आहेत?"

"दोन सोडून."

"घरात खोल्या किती?"

"दोन. एकीत पुस्तकं आहेत."

"पुस्तकं दुसरीकडे ठेवता येतील?"

मी त्यांना नम्रपणे पण ठामपणे सांगितलं की जी माणसं पुस्तकं बाहेर काढतात त्यांचं पुढे काय होतं ते इतिहासात नोंदलेलं आहे. यासाठी मला तीन राजघराणी सांगावी लागली. यूकबाई मध्येच स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आतून हसण्यासारखा आवाज येत होता, पण नळही चालू होता.

निघताना आजी म्हणाल्या, "आवाज चांगला आहे. मला ऐकू येतं." त्या बहिऱ्या आहेत. माझ्या व्यासपीठाच्या सवयीचं आज सार्थक झालं.

२ ऑक्टोबर

कुठल्याशा प्रवासी पुस्तकात टपरीचं नाव छापून आलं आहे. आता सकाळी परदेशी पाहुणे येतात, भिंतीवरच्या यादीकडे बघत उभे राहतात आणि बोटानं शेजाऱ्याच्या ताटलीकडे दाखवतात. आजवर यूकबाई त्यांना बोटांवरच सगळं समजवायच्या. आता इंग्रजी बोलणारा मी आहे.

आज एक जोडपं होतं, न्यूझीलंडचं. त्यांना मी सांगितलं की हा पदार्थ दिसतो आतड्यासारखा म्हणून नावही तेच आहे, पण आत तांदूळच आहे. तिथून मी जुन्या फेरीवाल्यांवर आलो, खांद्यावरच्या कावडीवर, शिपाई मागे लागल्यावर उकळत्या हंड्यासकट पळणाऱ्या बायांवर. नवरा-बायको मान डोलवत होते, जेवणाच्या काड्या हातात तशाच.

"मास्तर," यूकबाई म्हणाल्या, "ते भुकेले आहेत. आधी खाऊ द्या, मग पळवा बायांना."

ते खाऊ लागले. पहिला घास घेतल्यावर त्या बाईनं डोळे मिटले. मग तिनं माझ्याकडे बोट करून नवऱ्याला काहीतरी विचारलं आणि मी ऐकलं. ती विचारत होती, हे यांचे यजमान का? मी लगेच खुलासा केला की मी शिष्य आहे, अजून स्वीकारलेला नाही. यूकबाईंनी काय चाललंय ते विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी कात्री इतक्या जोरात चालवली की एका ताटलीत दहाऐवजी सोळा तुकडे झाले.

तीन फाटल्या. फक्त तीन. यूकबाईंनी माझ्यासाठी निळा एप्रन शिवून आणला आहे. माप न घेता बरोबर बसला. अनुभवी डोळा.

१४ ऑक्टोबर

काल नवमीचा सण होता, लोक पूर्वजांच्या थडग्यांवर गेले, गल्ली रिकामी होती. आज मी दुसऱ्यांदा चहा केला. या वेळी स्वतःच्या घरून जुना पुअर चहा आणला होता, निळ्या नक्षीचा झाकणाचा पेला, साक्षीला क्वान आणि कोपऱ्यावरची भाजीवाली. फरशी मी स्वतः पुसली होती.

यूकबाईंनी पेला हातात घेतला. त्यांनी वास घेतला आणि विचारलं, "हा मी प्यायला तर तुम्ही मला काय म्हणणार?"

"गुरू."

"आणि माझी जागा कुठली?"

"आईच्या जागी. रीतच आहे ती."

"किती दिवस?"

"जन्मभर," मी म्हणालो, आणि मला वाटतं माझा आवाज किंचित भरून आला.

त्यांनी पेला टेबलावर ठेवला. "मग नको."

नम्रता. ज्यांच्या अंगी खरं कसब असतं ते गुरूपद असंच नाकारतात. मी हे बोलून दाखवलं. क्वान म्हणाला, "सर, तुमच्याइतका वाचलेला माणूस या गल्लीत दुसरा नाही." आणि मान हलवत गाळणी पिळत राहिला. वाक्य अर्धवट वाटलं.

काही हरकत नाही. शिष्य नाही तर नाही. मी अर्जात 'प्रत्यक्ष काम शिकलेला मदतनीस' असा शब्दप्रयोग करीन आणि सह्या गोळा करीन. आज एकही फाटली नाही.

३ नोव्हेंबर

काय दिवस होता. लिहिताना हात थांबत नाही.

दोनशे बारा सह्या. रविवार, गल्लीच्या तोंडाशी फळांच्या खोक्यावर उभा राहिलो. समोर भाजीवाल्या, मासेवाले, टॅक्सीवाले, शाळेतली माझी जुनी मुलं आपल्या मुलांना घेऊन, दोन जपानी प्रवासी ज्यांना वाटलं हा कसला तरी सण आहे. घसा पूर्वीसारखा लागला. चाळीस मिनिटं एकही माणूस हलला नाही.

मी म्हणालो, शहरं इमारतींनी उभी राहत नाहीत, नाश्त्यानं उभी राहतात. सकाळी सहाला ज्या हातानं तुम्हाला गरम ताटली दिली तो हात तुमचा नागरिक आहे. मी म्हणालो, कचेरी म्हणते नवरा असेल तरच टपरी राहील. म्हणजे वीस वर्षं पीठ दळणारी बाई कुणीच नाही, आणि कालचा नवरा सर्व काही. एका परवान्यासाठी माणसानं लग्न करावं, यासारखी नामुष्की नाही. पोटासाठी बोहल्यावर चढणाऱ्याला मी माणूस म्हणणार नाही, आणि त्याला चढायला लावणाऱ्या कायद्याला मी कायदा म्हणणार नाही.

टाळ्या थांबेनात. लोकांनी खोक्यासकट उचललं असतं.

यूकबाई 'नामुष्की'च्या आधी तिथे होत्या, नंतर दिसल्या नाहीत. पिठाला तांदूळ भिजवायचे असतील. त्यांच्या कर्तव्यनिष्ठेला सीमा नाही.

४ नोव्हेंबर

आज माझ्या ताटलीत तिळाचं सॉस नव्हतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. विसरल्या असतील.

मला त्या 'फूंग सर' म्हणाल्या. एरवी 'मास्तर' म्हणतात. मी कारणं शोधली: भाषणात त्यांचं नाव मी पुरेसं घेतलं नाही? पिंप घासायचं राहिलं? मिरचीत पाणी जास्त झालं? एकशे वीस ताटल्या मी गुंडाळल्या, एकही न फाटता, आणि त्यांनी पाहिलंही नाही.

९ नोव्हेंबर

यूकबाई टपरीचं शटर ओढताना म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका. परवाना मीच महिनाअखेरीस परत करते. सह्यांचा कागद तुमच्याकडे ठेवा, तुमच्या कामाला येईल."

"आपण जिंकण्याच्या बेतात आहोत," मी म्हणालो.

"तुम्ही जिंका."

एप्रन घडी करून टेबलावर ठेवला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला. "हा दुसऱ्या कुणाला बसणार नाही."

१३ नोव्हेंबर

साडेचारला जाग येते. जायला कुठे नाही. पुस्तकांच्या खोलीत बसलो. तत्त्वज्ञान उघडलं, मिटलं. कविता उघडली, मिटली. बेकरीतून अननस पाव आणला, तो नावालाच अननस असतो, आज त्याचाही राग आला. खालच्या हॉटेलात चेंगफन मागवलं. रबर. निम्मं टाकलं आणि मालकाला पाच मिनिटं सुनावलं. त्याचा काही दोष नव्हता.

मी आयुष्यात अनेक लढे हरलो आहे. हरल्यावर मला कधी भुकेनं असं रिकामं वाटलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर

कचेरीचं पत्र आलं, अर्ज फेटाळला. मोक स्वतः ते घेऊन क्वानच्या टपरीवर आली होती, सुट्टीच्या दिवशी. म्हणाली, "पत्र मी लिहिलं नाही सर, फक्त आणलं." मग चहात पाव बुडवत म्हणाली, "तुम्ही आम्हाला सांगायचात, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचा."

"वाचला आहे."

"एकदाच वाचलाय," असं म्हणून ती गेली.

मी क्वानला विचारलं, यूकबाईंचं माझ्याशी बिनसलं कशानं? क्वान बोलतो कमी. आज बोलला.

"सर, साम यूक इथे धुणीभांडी करायला यायची. टपरीचा मालक आजारी पडला. मरणाआधी सहा वर्षं तिनं त्याच्याशी संसार केला, पोर वाढवलं, त्याला भरवलं, उचललं, धुतलं. तो गेल्यावर परवाना तिच्या नावावर आला. तेव्हा या गल्लीत काय बोलायचे माहितीये? परवान्यासाठी लग्न केलं. चौदा वर्षांत ते बोलणं आत्ता कुठे विरत आलं होतं. तुम्ही खोक्यावर चढून परत वर काढलंत. आणि टाळ्या वाजवणारे तेच होते."

क्वाननं मला दुधाचा चहा दिला, न मागता, आणि घट्ट.

तेहतीस वर्षं मी मुलांना सांगितलं की शब्द उच्चारण्याआधी समोर कोण बसलंय ते बघा.

१७ नोव्हेंबर

पहाटे साडेपाच. हातात एप्रन आणि चहाचा पेला. यूकबाई एकट्याच खण पुसत होत्या, गुडघा स्टुलावर टेकवून. मी गुडघे टेकले. फरशी ओली होती.

"पुन्हा तेच?" त्या म्हणाल्या. "हा कुठला चहा?"

"शिष्याचा नाही. माफीचा आहे."

आपल्यात चूक कबूल करणाराही चहा ओततो. ज्याची चूक, त्याच्या हातचा. मी एवढंच म्हणालो की मी कायद्यावर बोलत होतो आणि तुमच्यावर पडलं, आणि ते मला दिसलं नाही, आणि न दिसणं हीच चूक आहे. पुढे अजून तीन परिच्छेद तयार होते. त्यांनी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"माफीचा घेते," त्या म्हणाल्या. "उठा. गुडघे माझेच वाईट पुरेत."

त्यांनी घेतला. माझ्या हातचा चहा त्यांनी घेतला. मी उठून खण ओढले, पहिल्या तीन चक्क फाटल्या, आणि त्या हसल्या. मला इतका आनंद झाला की मी धीर करून विचारलं, "मग शिष्याचा का नाही घेतला कधी? मी इतका वाईट आहे?"

यूकबाई कात्री पुसत राहिल्या. "शिष्य मुलासारखा, असं तुम्हीच सांगितलंत ना. मला मुलगा नकोय, मास्तर. मला मुलगी आहे, ती टोरांटोला आहे, मला तेवढं पुरे."

त्यांना मुलगा नको आहे. यावर मी विचार करतो आहे. आज ताटलीत तिळाचं सॉस दुप्पट होतं.

२४ नोव्हेंबर

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, घोळ गाळताना, मला समजलं.

चाळणी पडली. निम्मं पीठ पायावर. क्वान धावत आला, भाजलं का म्हणून. मी म्हणालो, नाही, आत्ता कळलं. क्वाननं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडे सोया आणायला गेलेल्या यूकबाईंकडे, मग घड्याळाकडे. म्हणाला, "दोन महिने, पंधरा दिवस. भाजीवालीनं वर्ष सांगितलं होतं. पैज मी जिंकलो."

एकसष्टाव्या वर्षी छातीत असं काही व्हावं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. वाचलं असेल, दुर्लक्ष केलं असेल.

आणि लगेच दुसरं समजलं. मी दोनशे बारा लोकांसमोर सांगितलं आहे की परवान्यासाठी बोहल्यावर चढणारा माणूस नव्हे. आता मी चढलो तर कचेरीचा नवऱ्याचा रकाना माझ्यानं भरला जाईल. माझ्याच वाक्यानं माझा रस्ता अडवला आहे. आणि ते वाक्य चांगलं होतं, हीच अडचण.

२६ नोव्हेंबर

धीर केला. गिऱ्हाईक थोडं ओसरल्यावर म्हणालो, "यूकबाई, मी लग्नाला तयार आहे. शस्त्रक्रियेनंतर."

"तयार आहे म्हणजे? कुणी गळ घातलीय का?"

"तसं नाही. तत्त्वतः..."

"वाक्य नीट करून या. गिऱ्हाईक आहे."

दोन थाई पोरी होत्या, त्यांना कोळंबीचं हवं होतं. दिलं. परत गेलो. "आपण दोघांनी परिस्थितीचा विचार करता..."

"अजून नाही जमलं."

एक टॅक्सीवाला. एक म्हातारा. एक कुत्रं, त्याला हाकललं. तिसऱ्यांदा गेलो आणि नुसतं म्हणालो, "मला तुमच्याबरोबर राहायचंय. परवाना असो नाहीतर नसो."

"आता कसं," यूकबाई म्हणाल्या. त्यांनी वाफेकडे तोंड वळवलं, आणि वाफेतून त्यांचा आवाज आला. "मग शस्त्रक्रियेनंतर कशाला?"

"लोक म्हणतील परवान्यासाठी केलं."

"लोक चौदा वर्षं म्हणतायत. मी त्यांना सॉस वाढतेय. आणि जानेवारीत टपरी कोण उघडणार, तुमचं तत्त्व? त्याला गुंडाळता येतं?"

मी कुठल्याही वादात इतक्या आनंदानं हरलो नाही.

"पण ते वाक्य," त्या म्हणाल्या, "जिथं बोललात तिथंच परत घ्यायचं. घरात नाही. माझ्या कानात नाही. खोक्यावर."

१ डिसेंबर

खोकं तेच. लोक जास्त, कारण क्वाननं सगळीकडे सांगितलं होतं. काही जणांनी घरून स्टुलं आणली होती.

रात्रभर मी अकरा पानं लिहिली होती. वर चढलो, यूकबाई पहिल्या रांगेत उभ्या होत्या, हात एप्रनला पुसत, आणि मी पानं खिशात ठेवली.

म्हणालो, "मागच्या महिन्यात मी म्हणालो होतो की परवान्यासाठी लग्न करणं ही नामुष्की आहे. कोण कशासाठी लग्न करतं हे खोक्यावरून दिसत नाही. सहा वर्षं आजाऱ्याला उचलणाऱ्या बाईबद्दल या गल्लीत जे बोललं गेलं आणि मी जे पुन्हा बोललो, ते खोटं होतं, आणि त्यासाठी मी तुम्हा सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. अर्ज फेटाळला गेला तरी मी तो पुन्हा करणार आहे. शिष्याचा रकाना हवाच, इतरांसाठी. मला आता लागणार नाही. आम्ही वीस तारखेला लग्न करतो आहोत."

खाली उतरलो.

"एवढंच?" एक मासेवाला म्हणाला. "मी दुकान बंद करून आलो."

टाळ्या नाही वाजल्या. मग भाजीवाली यूकबाईंपाशी गेली, तिनं त्यांचा हात धरला आणि खालमानेनं काहीतरी म्हणाली, बराच वेळ. मग दुसरी गेली. मी लांब उभा राहिलो. ते माझ्यासाठी नव्हतं.

२२ डिसेंबर

परवा विवाह नोंदणी कार्यालयात सही केली. आज हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस, सगळ्या घरी लोक एकत्र जेवतात. साम आजींना चहा द्यायचा होता, आपल्या रीतीचं खरं लग्न तेच.

नवरा-बायकोनं शेजारी शेजारी गुडघे टेकायचे असतात. यूकचा गुडघा टेकत नाही. ती वाकायला लागली तशा आजी ओरडल्या, "तिचं राहू दे. तू दोनदा वाक."

मी दोनदा वाकलो. आजींनी दोन्ही पेले संपवले, लाल पाकीट माझ्या खिशात कोंबलं आणि मोठ्यानं विचारलं, "याला ताप वगैरे नाही ना? रडतोय कशाला?"

"सर्दी झालीय आई," यूक म्हणाली, आणि स्वतःच नाक पुसलं.

ताटात आल्याच्या पाकातले तांदळाचे गोळे होते. मी सात खाल्ले.

७ जानेवारी

यूकला सकाळी आत नेलं. मी कचेरीत जाऊन कागद दिला. मोकनं नवऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, शिक्का मारला, आणि म्हणाली, "पैकीच्या पैकी, सर." मी म्हणालो, दुसरा अर्ज कुठे पोहोचला? "वरच्या मजल्यावर," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्यावर जाणार आहे.

शस्त्रक्रिया नीट झाली.

९ जानेवारी

पहिल्यांदा पहाटे टपरी मी एकट्यानं उघडली. हात थंडीनं आखडले होते. सातच्या आत रांग लागली: टॅक्सीवाले, शाळेची पोरं, कोरियाहून आलेली चार माणसं, प्रत्येकाच्या हातात ते प्रवासी पुस्तक. चेंगफन, माशाचे गोळे, वाटीतला गुळाचा मऊ केक दोन काड्यांवर. कोरियनांना मी काहीही सांगितलं नाही. खाऊ दिलं. त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं.

आठ फाटल्या. आठच.

दुपारी भेटीच्या वेळेला डबा घेऊन वॉर्डात गेलो. पाय उशीवर, केस विस्कटलेले, आणि तरी तिनं आधी डबा उघडला, मग माझ्याकडे पाहिलं. एक तुकडा उचलून उजेडाकडे धरला, कडा तपासली. तोंडात टाकला. मी उभा होतो, परीक्षेच्या निकालाला उभी राहणारी पोरं मी आयुष्यभर पाहिली, तसा.

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "कुठून आणलं हो? वास फार छान येतोय."

"माझ्या नवऱ्यानं केलंय," यूक म्हणाली, आणि डबा तिच्यापुढे केला. "घ्या ना. जरा जाड झालंय. पण शिकेल."